सोन्याचा कस लावता, पातेल्याचाही लावा

बुधवार पेठेतले रहिवासी, दुकानदार, कारागीर, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, डॉक्टर आणि पुण्यातले शास्त्रज्ञ यांना तातडीचे आवाहन



हे आवाहन शिशाबद्दल आहे आणि मागण्या दोनच आहेत.

पहिली मागणी अशी, की सणासुदीची खरेदी सुरू होण्याच्या आत बुधवार पेठेत विकल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या भांड्यांची, हळदीची, शेंदराची, खेळण्यांची आणि रंगांची शिशासाठी तपासणी व्हावी आणि तिचे निकाल चौकातल्या फलकावर लागावेत. दुसरी अशी, की पेठेत राहणाऱ्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या आणि प्रत्येक गरोदर बाईच्या रक्तातले शिसे एकदा तरी मोफत मोजले जावे.

दोन्ही कामांना लागणारे ज्ञान तयार आहे. शिसे शरीरात गेल्यावर काय करते हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. ते कोणाच्या शरीरात जास्त शिरते हे पोषणशास्त्राने सांगितले आहे. ते कोणत्या मिश्रधातूत, कोणत्या रंगात, कोणत्या सोल्डरमध्ये दडलेले असते हे पदार्थविज्ञानाने मोजून ठेवले आहे. या तिन्ही शास्त्रांची गाठ मुलाच्या ताटात पडते. ते ताट तपासायची रीत मात्र आपल्याकडे पडलेली नाही. ती पाडायची आहे, आणि लवकर पाडायची आहे.

घाई कशाची?

लहान मूल अन्नपाण्यातून गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत साठवले जाते, आणि कॅल्शियमच्याच वाटेने मेंदूतही पोचते. मेंदूची जुळणी चालू असते ती पहिल्या काही वर्षांत. त्या वर्षांत झालेली हानी पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. म्हणून एखाद्या वर्षाचा उशीर प्रशासनाच्या हिशेबात किरकोळ असला, तरी दोन वर्षांच्या मुलासाठी ते त्याचे अर्धे आयुष्य असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे सापडले, तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने त्याच वर्षी मुलांसाठीची आपली रेषा ३.५ वर आणली. पाचच्या पातळीला पाच वर्षांच्या मुलाच्या साऱ्या रक्तात मिळून जेवढे शिसे भरते, ते वजनाने मिठाच्या एका कणाएवढे.

एवढ्याशाने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. डॉक्टरांनाही पूर्वी तसेच वाटे. झटके आले, मूल बेशुद्ध पडले, तरच त्याला विषबाधा म्हणत. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यांतले शिसे मोजले आणि दाखवले, की ज्यांच्या दातांत शिसे जास्त ती वरकरणी ठणठणीत मुलेही बुद्धिमापनात आणि वर्गातल्या लक्षात मागे पडत होती. २००५ मध्ये अनेक देशांतल्या अशा अभ्यासांची एकत्र मांडणी झाली तेव्हा त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. रक्तातले शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक सरासरी ३.९ ने घटतो. १० वरून २० वर जाताना १.९ ने, आणि २० वरून ३० वर जाताना १.१ ने. म्हणजे सर्वांत मोठा घाव पहिल्याच थेंबांचा असतो, आणि त्या पातळीला मूल ना रडते, ना तापाने फणफणते. पोटात दुखणे, बद्धकोष्ठता, चिडचिड, फिकटपणा अशी लक्षणे दिसलीच तर उशिरा दिसतात आणि दुसऱ्या शंभर कारणांवर ढकलली जातात. रक्त मोजल्याशिवाय हे कळत नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे पाचच्या वर आहे. त्यांतली २७ कोटींहून अधिक मुले भारतातली आहेत. मोठेही यातून सुटलेले नाहीत. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात शिशामुळे झालेल्या हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी ५५ लाख माणसे गेली.

बुधवार पेठच का?

कारण शिसे ज्या ज्या वाटांनी घरात येते, त्यांतल्या बहुतेक वाटा या एका पेठेतून जातात. तुळशीबागेत भांडी, पूजेचे साहित्य, भातुकली आणि सौंदर्यप्रसाधने मिळतात. तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. जुने वाडे आहेत, त्यांच्या दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. तांबडी जोगेश्वरी आणि तुळशीबाग हे मानाचे दोन गणपती आणि दगडूशेठ हलवाई गणपती इथलेच, म्हणजे मूर्तींचे आणि देखाव्यांचे रंगही आले. इथे घेतलेली वस्तू पुणे जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रभर जाते. इथे तपासणी झाली तर तिचा लाभही तितक्याच दूर जाईल.

हा कोणा दुकानदारावर आरोप नाही. भांडे विकणाऱ्याला त्याच्या धातूत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, तसे ते घेणारीलाही कळत नाही. पुढे जे लिहिले आहे ते जगात आणि देशात मोजले गेलेले आहे. त्याच जातीचा माल आपल्याकडे विकला जातो, म्हणून आपल्याकडेही मोजा, एवढेच म्हणणे आहे.

भांडी

अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या परिसरात अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या मुलांच्या रक्तात शिसे वारंवार जास्त निघू लागले. तिथल्या किंग काउंटीच्या अधिकाऱ्यांनी घराघरांतली भांडी तपासली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियमच्या अनेक भांड्यांत आणि कुकरमध्ये शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांहून जास्त होते, आणि स्वयंपाकासारख्या परिस्थितीत ते बाहेर झिरपत होते. हिंडालियमच्या एका भांड्यातून झिरपलेले शिसे मुलांसाठीच्या मर्यादेच्या १४०० पट भरले. पितळेच्या एका भांड्यातून १२०० पटींहून जास्त. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतून मात्र फारच कमी आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम किंवा इंडालियम नावाने विकल्या जाणाऱ्या काही आयात भांड्यांबद्दल जाहीर इशारा दिला.

धातूत शिसे येते कसे, हेही समजून घ्यावे. भंगार वितळवून ॲल्युमिनियम केले, की इंजिनाचे सुटे भाग, रेडिएटर, तारा यांच्याबरोबर शिसेही मुशीत जाते. पितळेत ते मुद्दाम घालतात, कारण शिसे असलेले पितळ लेथवर सुरेख कापले जाते. काशात घातले की ओतकाम सोपे होते. कल्हईला शुद्ध कथील हवे, पण कथील महाग आहे आणि २३२ अंशांना वितळते. शिसे मिसळले की माल स्वस्त पडतो आणि कमी आचेवर पसरतो. यांत दुष्टावा असतोच असे नाही. बऱ्याचदा तो कारागिरीचा सोपा मार्ग असतो, आणि त्याची किंमत तिसऱ्याच घरातले मूल मोजते.

आपल्या आज्या-पणज्या बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवत नसत, आमटीत चिंच घालत नसत. कळकलेला पदार्थ रंगावरून आणि चवीवरून ओळखता येई आणि तो टाकून देत. तांब्याचा दोष असा बोलका आहे. शिशाला तोंड नाही. आंबट वरण, टोमॅटोचे सार, कोकमाची कढी यांत ते मुकाट्याने उतरते, आणि चवीत काही कळलेच तर किंचित गोडी.

हळद

बांगलादेशात १९८० च्या दशकात पुराने हळद भिजून काळवंडली, तेव्हा तिला उजळा देण्यासाठी लेड क्रोमेट हा पिवळाजर्द रंग चोळायची पद्धत पडली. तीसेक वर्षांनी गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व ढाक्याच्या संशोधकांनी धागा पकडून थेट हळदीच्या घाऊक बाजारापर्यंत मजल मारली. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. संशोधकांनी निकाल लपवले नाहीत; अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारात हातातली यंत्रे घेऊन धाडी घातल्या, दंड केले, वर्तमानपत्रांतून आणि भित्तिपत्रकांतून लोकांना सांगितले. २०२१ मध्ये शिसे असलेले नमुने शून्यावर आले. दोन वर्षांत.

भारतातही पाटण्यात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दशलक्ष भागांत हजाराहून अधिक भाग शिसे असलेली हळद मिळाली. आपल्या देशाची कायदेशीर मर्यादा १० भागांची आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे नाव राखायचे असेल तर तपासणीला सर्वांत आधी हात वर करायला हवा तो चोख माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने. तोवर घरी एवढे करा: अति पिवळेधमक, लखलखीत पॉलिशचे हळकुंड टाळा, आणि सुटी पूड घेण्यापेक्षा साधी दिसणारी हळकुंडे धुऊन, वाळवून दळून आणा.

शेंदूर

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच एक लाल संयुग. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत न्यू जर्सीतल्या तसेच मुंबई-दिल्लीतल्या दुकानांतून घेतलेल्या सिंदुराच्या नमुन्यांपैकी जवळपास ८० टक्क्यांत शिसे निघाले. भारतातून घेतलेल्यांपैकी ४३ टक्के नमुने अमेरिकेच्या मर्यादेबाहेर होते. देवाला शेंदूर लावू नका, असे कोणी म्हणत नाही. तो लावलेला हात न धुता मुलाला घास भरवू नका, आणि दुकानदाराकडून शिसेविरहित शेंदूर मागून घ्या. डोळ्यांत घालायच्या सुरम्याचीही गोष्ट तीच. तान्ह्या बाळाला विकतचा सुरमा घालूच नये.

रंग आणि जुन्या भिंती

घरगुती व सजावटीच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त शिसे असू नये, असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पेठेतल्या वाड्यांवरचे बहुतेक थर त्याआधीचे आहेत. वाडा पुनर्विकासाला जातो, खिडकी घासून पुन्हा रंगवली जाते, तेव्हा त्या थरांची धूळ होते, आणि ती धूळ रांगत्या मुलाच्या तळहातावरून तोंडात जाते. रंगाऱ्यांना एवढेच सांगायचे, की कोरडे खरवडू नका. पाणी मारून, ओला पॉलिश पेपर वापरून घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि पडलेला चुरा त्यातच गुंडाळून उचला. मुले आणि गरोदर बायका यांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवा. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

तापकीर गल्लीतल्या कारागिरांसाठी

तुमच्या हातातली सोल्डर तार बहुधा ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे अशी असते. ६३-३७ चे मिश्रण १८३ अंशांना वितळते, म्हणून ते हाताला इतके सोपे. कथील, चांदी आणि तांब्याचे शिसेविरहित मिश्रण २१७ अंशांच्या आसपास वितळते, महाग पडते आणि टोक जास्त तापवावे लागते. नियमांनी नव्या उपकरणांतले शिसे ०.१ टक्क्याच्या आत आणले आहे, पण दुरुस्तीच्या टेबलावर जुना माल येतच राहतो.

एक गैरसमज मात्र दूर करू. सोल्डर मारताना निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. तो दम्याला वाईट. पण शिसे १७४९ अंशांना उकळते, तुमचे टोक तीन-चारशेवर थांबते. त्यामुळे शिसे धुरातून फारसे येत नाही. ते बोटांवर, टेबलावर आणि तारेच्या चुऱ्यात असते. तोंडाला मास्क लावून त्याच हाताने वडापाव खाल्ला, तर मास्कचा उपयोग शून्य. चहाआधी साबणाने हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, तार दातांत धरू नका, कामाचा शर्ट घरच्या कपड्यांत धुऊ नका आणि सुट्टीच्या दिवशी मुलाला टेबलाशी खेळायला बसवू नका. यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्याला विकू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे परत द्या.

पोटात काय आहे, यावरही ठरते

इथे पोषणशास्त्र कामाला येते. शिसे आणि लोह, शिसे आणि कॅल्शियम हे आतड्यात साधारण एकाच दाराने शिरतात. लोह कमी असले की ते दार सताड उघडते आणि शिसे जास्त आत जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे आपल्या दहांपैकी जवळपास सात मुलांचे दार उघडेच आहे. त्यात रक्तक्षय असलेले मूल माती खाते, भिंतीचे पोपडे चाटते. म्हणजे शिशाच्या आणखी जवळ जाते.

उपाय महाग नाहीत. अंगणवाडीतून आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे लोहाचे सिरप नेमाने द्या. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची पेज किंवा भाकरी रोजच्या जेवणात आणा. पालेभाजी, डाळी, तीळ, हळीव, दूध आणि जोडीला आवळा किंवा लिंबू. मूल सकाळी उपाशीपोटी घराबाहेर जाऊ देऊ नका, कारण रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या गव्हात १४.७ टक्के प्रथिने आणि दशलक्ष भागांत ४६.१ भाग लोह आहे. असे वाण पोषण आहारात आणण्याची मागणी आपण करू शकतो.

गरोदर बायांसाठी हे दुप्पट महत्त्वाचे. बाईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसे गर्भारपणात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. आईच्या रक्तात जे आहे त्यावर बाळाचे आयुष्य घडते, ही गोष्ट पुण्यानेच जगाला दाखवली आहे: रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत आयांचा आणि मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातून बारीक दिसणाऱ्या बाळांच्या अंगातली चरबी आणि आईच्या शरीरातली बी-१२ ची कमतरता जगभराच्या वैद्यकाला विचारात घ्यावी लागली. त्या केंद्रापासून आपली पेठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मोजणे अवघड नाही

लक्ष्मी रस्त्यावर सोन्या मारुती चौकात जा. सराफाच्या काउंटरवर एक पेटी असते. तीत दागिना ठेवला, की मिनिटभरात सोने किती, तांबे किती, चांदी किती ते पडद्यावर येते. क्ष-किरणांच्या माऱ्याने प्रत्येक मूलद्रव्य आपापली खूण देते, ती खूण वाचणारे हे यंत्र. शिसेही तसेच ओळखू येते. त्याच तत्त्वावरचे हातात धरायचे यंत्र मिळते. ते पातेल्याला, खिडकीला, भातुकलीच्या तांब्याला टेकवायचे. सराफाचे यंत्र सोन्यासाठी जुळवलेले असते, म्हणून भांड्यांसाठी प्रमाणित यंत्र आणि जाणता माणूस हवा. आणि जिथे शिसे जास्त दिसेल, तिथे ते अन्नात किती झिरपते हे प्रयोगशाळेत आम्लात उकळून पाहायला हवे. अंगठीतल्या सोन्याचा कस आपण ९१६ पर्यंत लावून घेतो. मुलाच्या वरणाच्या पातेल्याला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

पुण्यात अशा कामासाठी माणसे आहेत. पाषाणला १९५० पासून उभी असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथेच इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारे सी-मेट आहे, विद्यापीठ आहे, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून आहे. प्रयोगशाळा पेठेत आली तर काय होते, हे आपण पाहिलेही आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची रीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी शोधली, २०१६ पासून महापालिकेने ती पूड नागरिकांना वाटली, आणि हजारो घरांत रसायनशास्त्राचा प्रयोग आरतीनंतर पार पडला. खाली चुन्यासारखा साका उरतो, वरचे पाणी झाडांना खत म्हणून चालते. शास्त्रज्ञांनी सोपे करून दिले, पालिकेने पोचवले, लोकांनी स्वीकारले. शिशाच्या बाबतीत हीच साखळी पुन्हा जोडायची आहे.

तपासणी म्हणजे धाड नव्हे

घरोघरी तपासणी म्हटले की पुण्याला १८९७ आठवते. प्लेगच्या साथीत प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर पेठांतल्या घरांत घुसले, आणि आरोग्यासाठी केलेले काम लोकांच्या मनातून कायमचे उतरले. म्हणून इथे अट एकच: संमतीशिवाय कोणाच्या घराला हात लावायचा नाही, कोणाचे रक्त काढायचे नाही, आणि निकाल त्या कुटुंबाखेरीज कोणाला सांगायचा नाही. वस्तूंचे निकाल जाहीर, माणसांचे निकाल गुप्त.

हे विशेषतः पेठेतल्या वेश्यावस्तीसाठी सांगायचे. तिथल्या जुन्या, पोपडे उडालेल्या इमारतींत मुले वाढतात, आणि कुठलीही सार्वजनिक योजना आखताना ती मुले यादीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. एचआयव्हीच्या काळात या वस्तीतल्या बायकांनी सहेली संघासारखी स्वतःची संघटना उभारून आरोग्याचे काम स्वतःच्या हातात घेतले. शिशाच्या तपासणीची आखणी त्यांना विचारून आणि त्यांना बरोबर घेऊन व्हावी. फॉर्मवर पत्ता आणि व्यवसाय विचारायचे कारण नाही; मुलाचे वय आणि एक सांकेतिक क्रमांक पुरेसा आहे.

कोणी काय करायचे

आईवडिलांनी: आंबट पदार्थ स्टेनलेस स्टीलमध्ये शिजवा आणि ठेवा. नवे भांडे घेताना आयएसआय चिन्ह पाहा. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी ते सक्तीचे करणारा आदेश २०२४ मध्ये निघाला आहे. ओळखीच्या नसलेल्या हिंडालियमच्या किंवा भंगारातून ओतलेल्या भांड्यात मुलांचे अन्न शिजवू नका. जेवणाआधी हात धुवायला लावा. मूल माती खात असेल, सारखे फिकट असेल, घरात कोणी सोल्डर, बॅटरी, रंग किंवा कल्हईचे काम करत असेल, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून द्यायला सांगा.

डॉक्टरांनी: रक्तक्षय औषधाने हटत नसेल तर शिशाचा विचार करा. पातळी पाचच्या वर आली तर आधी घरातला उगम शोधा. लोह आणि कॅल्शियम द्या. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण ४५ च्या वर, रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. नागरिकांनी ‘विषद्रव्ये काढणारी’ चूर्णे आणि भस्मे परस्पर घेऊ नयेत. काही भस्मांत शिसे हाच घटक असतो.

दुकानदारांनी: घाऊक विक्रेत्याकडे शिशाचा तपासणी अहवाल मागा. दहा दुकानांनी मिळून मागितला तर तो मिळेल. तपासणी झालेल्या मालावर तसे लिहा. गिऱ्हाईक त्याच दुकानात येईल.

मंडळांनी: दरवर्षी रक्तदानाची शिबिरे घेता, यंदा मुलांच्या रक्ततपासणीचे एक घ्या. मूर्ती, मखर आणि देखाव्याचे रंग शिसेविरहित असल्याचे लेखी मागा. मांडवात एक दिवस शिसे मोजणारे यंत्र ठेवा आणि लोकांना घरचे पातेले घेऊन यायला सांगा. देखाव्याइतकीच गर्दी होईल.

महापालिकेने आणि अन्न व औषध प्रशासनाने: तुळशीबाग आणि परिसरातून भांडी, हळद आणि शेंदराचे नमुने घ्या आणि निकाल मराठीत जाहीर करा. कमला नेहरू रुग्णालयात मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी रक्तातल्या शिशाची तपासणी मोफत सुरू करा.

शास्त्रज्ञांनी: आपले यंत्र एक दिवस पाषाणच्या टेकडीवरून खाली आणा. निबंध नंतर लिहा, आकडा आधी चौकात लिहा.

२००० साली देशातल्या पेट्रोलमधून शिसे गेले. तेव्हाही ते अशक्य वाटत होते, खर्चिक वाटत होते, गाड्या बिघडतील अशी भीती घातली जात होती. तसे काही झाले नाही. मुलांच्या रक्तातले शिसे मात्र देशोदेशी उतरले. उरलेले शिसे पंपावर नाही, आपल्या मांडणीवर, भिंतीवर आणि कामाच्या टेबलावर आहे, आणि ते काढायला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

या आठवड्यात एवढे करा. आपल्या इमारतीतल्या, गल्लीतल्या, मंडळातल्या निदान दहा जणांच्या सह्यांचा अर्ज कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात द्या. त्यात वरच्या दोन मागण्या लिहा, तारीख घाला, पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, की आमच्या पेठेतल्या किती भांड्यांची, किती हळदीच्या नमुन्यांची आणि किती मुलांच्या रक्ताची शिशासाठी तपासणी झाली. उत्तर शून्य आले, तर तेच मोठ्या अक्षरांत फलकावर लावा आणि पुन्हा अर्ज करा.